लघवीतून रक्ताच्या गुठळ्या पडताहेत? ‘उन्हाळी’ समजून थांबू नका

लघवीला जळजळ झाली की ‘उन्हाळी लागली’ म्हणत सब्जा, धने-जिऱ्याचं पाणी दिलं जातं. पण लघवी लालभडक होऊन गुठळ्या पडत असतील, तर ती उन्हाळी नव्हे. मूत्राशयातल्या रक्तवाहिन्या फुटून होणारा रक्तस्राव जिवावर बेतू शकतो. अनेकदा दुखत नाही, म्हणूनच तो अंगावर काढला जातो.

कशामुळे होतो?
गर्भाशयमुखाच्या किंवा प्रोस्टेटच्या कॅन्सरसाठी ओटीपोटावर ‘शेक’, म्हणजे किरणोपचार घेतलेल्या काही रुग्णांत हा त्रास दिसतो. शेक संपल्यावर काही महिन्यांनी, कधी दहा वर्षांनंतरही मूत्राशयाच्या अस्तरावर नाजूक, फुगलेल्या वाहिन्यांचं जाळं तयार होतं आणि ते सहज फुटतं. क्वचित काहींच्या रक्तवाहिन्यांत जन्मतःच गुंता असतो.

निदान कसं करतात?
हिमोग्लोबिन, रक्तगट, किडनीची तपासणी आणि सोनोग्राफी आधी होते. गुठळ्या धुऊन काढल्यावर मूत्राशय दुर्बिणीने आतून पाहतात. कॅन्सर, खडा किंवा जंतुसंसर्ग नाही ना, हेही तपासावंच लागतं. वाहिन्यांच्या गुंत्याचा संशय असेल तर सीटी अँजिओग्राफी करतात.

उपचार काय?
• तीन तोंडांची नळी घालून मूत्राशय सलाईनने सतत धुतात. गरजेप्रमाणे रक्त चढवतात.
• दुर्बिणीतून वीज किंवा लेसरने रक्त येणारी जागा बंद करतात.
• तुरटीच्या एक टक्का निर्जंतुक द्रावणानेही मूत्राशय धुतात. हे रुग्णालयातच होतं, घरी तुरटीचं पाणी पिऊन उपयोग नाही. किडनी कमजोर असल्यास हा उपाय धोक्याचा ठरू शकतो.
• रक्त थांबलंच नाही तर जांघेतून बारीक नळी नेऊन, रक्त पुरवणारी धमनी आतून बंद करतात.
• शेकामुळे झालेल्या त्रासात जास्त दाबाच्या कक्षात ऑक्सिजन देण्याचाही उपाय आहे. मूत्राशय काढणं हा अगदी शेवटचा मार्ग.

घरच्यांनी काय करावं?
गुठळीमुळे लघवी अडली, चक्कर आली किंवा अंग गार पडलं तर लगेच 108 ला फोन करा. मेडिकलमधून रक्त थांबवायची गोळी परस्पर घेऊ नका. गुठळी घट्ट होऊन लघवी तुंबू शकते. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना सांगा, मनाने बंद करू नका. शेकाची जुनी फाईल सोबत न्या.

आणि रक्त एकदाच येऊन थांबलं, तरी तपासणी चुकवू नका.