खंबाटकीच्या बोगद्यातून

सांगलीहून सुटलेली एसटी कराड आणि सातारा मागे टाकते. तुमच्या मांडीवर टिश्यू कल्चर केळीच्या रोपांचा ट्रे आहे. बंद बाटलीत वाढलेल्या या रोपांचं आता आपल्या शेतकऱ्यांना नवल राहिलेलं नाही. गाडी खंबाटकीच्या बोगद्यात शिरते. अंधार होतो.

उजेड येतो तो 1907 सालचा. तुम्ही अमेरिकेत, बाल्टिमोरमध्ये रॉस हॅरिसन यांच्या टेबलापाशी उभे आहात. बेडकाच्या भ्रूणातला, पुढे मज्जारज्जू होणारा एक कण त्यांनी बेडकाच्याच लसिकेच्या थेंबात ठेवलाय. थेंब काचेला उलटा लोंबतोय आणि कडा मेणाने बंद केल्या आहेत. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावा. पेशीतून बारीक तंतू निघालाय. द्राक्षवेलीचा तणावा आधार शोधतो, तसं त्याचं टोक चाचपडत पुढे सरकतंय. शरीराबाहेर मज्जातंतू वाढताना माणूस प्रथमच पाहतोय.

शहर तेच, साल 1951. जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत एक पिंप संथ फिरतंय. त्यातल्या नळ्यांमधल्या पेशी क्षणभर द्रवात बुडतात, क्षणभर हवेत येतात. एका नळीत हेन्रिएटा लॅक्सच्या कर्करोगाच्या पेशी आहेत. ती 31 वर्षांची, पाच मुलांची आई. संशोधनासाठी पेशी घेताना तिला कुणी विचारलं नाही. ती त्याच वर्षी गेली. पेशी मात्र आजही जगभर वाढताहेत. गाय यांच्याकडेच पुण्याच्या कमल रणदिवे पेशी शरीराबाहेर वाढवण्याचं हे तंत्र शिकल्या आणि 1960 च्या दशकात मुंबईत त्यांनी भारतातली पहिली ऊतिसंवर्धन (टिश्यू कल्चर) प्रयोगशाळा उभी केली.

माणसाच्या मेंदूच्या पेशी वाढवण्याचं कोडं मात्र अवघड होतं. पक्व चेतापेशी विभागत नाहीत, आणि पेशी हव्यात म्हणून कुणाचं डोकं उघडता येत नाही. 2007 मध्ये क्योटोत शिन्या यामानाका यांनी वाट काढली. माणसाच्या त्वचेच्या पेशीत चार जनुकं घातली आणि ती पेशी पुन्हा मूळ अवस्थेत गेली. तिथून तिला चेतापेशी होण्याच्या दिशेने वळवता येतं. 2013 मध्ये व्हिएन्नात मॅडलिन लँकेस्टर आणि युर्गन क्नोब्लिख यांनी अशाच पेशींपासून मेंदूसदृश गोळे वाढवले. जेमतेम चार मिलिमीटरचे. रक्तवाहिन्या नसल्यामुळे आतल्या पेशी उपाशी राहतात, म्हणून ते याहून फार मोठे होत नाहीत.

बोगदा संपतो. शिरवळ, मग पुणे. गणेशखिंडीतल्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात माणसाच्या नाना पेशी जतन केल्या जातात आणि देशभरच्या संशोधकांना पुरवल्या जातात. पेशी वाढवायच्या म्हणजे 37 अंश सेल्सिअस तापमान, मोजका कार्बन डायऑक्साइड आणि गुलाबी द्रव लागतो. द्रव पिवळा पडला, की तो बदलायची वेळ झाली. एक बुरशीचा कण शिरला, तर महिन्यांची मेहनत वाया. तुमच्या ट्रेमधल्या रोपांनाही हेच सोवळं लागलं होतं.

फरक एवढाच, की केळीच्या कंदाला विचारावं लागत नाही. पार्किन्सनने हात थरथरणाऱ्या आजोबांच्या रक्तापासून त्यांच्याच चेतापेशी तयार करून त्यांच्यावर औषध तपासता येतं. हे काम व्हायलाच हवं, पण माणसाला विचारून. उद्या तुमच्या घरी कुणी असा नमुना मागितला, तर संमतीपत्र मराठीत मागा. ते पूर्ण वाचा, शंका विचारा. पटलं, तर मोकळ्या मनाने द्या.