तळटीप : कावा

* कावा : स्पेनमधील कातालोनिया प्रांतात, मुख्यत्वे पेनेदेस परगण्यातील सांत सादुर्नी द'आनोया या गावाच्या आसमंतात, माकाबेओ, शारेल्लो व पारेलादा या द्राक्षांपासून सिद्ध होणारे फेनिल मद्य. कोदोर्निऊ पेढीच्या जुझेप रावेन्तोस यांनी ते १८७२ मध्ये शांपेनच्या रीतीने प्रथम तयार केले, असे सामान्यतः मानले जाते. त्याचा फेस बाहेरून भरलेल्या वायूचा नव्हे. बंद बाटलीतच दुसरे किण्वन घडते आणि कायद्यान्वये निदान ९ महिने मद्य त्या किण्वनाच्या साक्यावर मुरावे लागते. 'ब्रूत नातूर' या अत्यंत कोरड्या प्रकारात वरून साखर बिलकूल न घालण्याचा दस्तूर असून लिटरमागे तिचे प्रमाण ३ ग्रॅमांहून कमी असते. त्यामुळेच खारवलेली अँकोव्ही, तळलेले माकूळ, भाजलेले बदाम यांचा खारटपणा व तेलकटपणा त्याच्या आम्लतेने तत्काळ निवळतो. परंतु त्याची खरी संगत, आमच्या मते, काल्सोत या पातीच्या कांद्यांशी : हिवाळ्याच्या अखेरीस ते धगधगत्या जाळावर करपवून, काळवंडलेली साल हातानेच ओढून, आतला मऊ पांढरा गाभा बदाम-टोमॅटोच्या रोमेस्को चटणीत बुडवून खातात. मिष्टान्नाबरोबर मात्र हा प्रकार देऊ नये. गोडाच्या सान्निध्यात तो निव्वळ आंबट लागतो. — संपा.