मांडवीतील काचेची जमीन

बडोद्यास जाणारा प्रवासी लक्ष्मीविलास राजवाडा पाहतो, कीर्तिमंदिरातील नंदलाल बोस यांची भित्तिचित्रे पाहतो आणि गाडीची वेळ झाली म्हणून निघतो. या वास्तू भव्य आहेत, यात संशय नाही; पण ग्रंथालयाच्या सभासदाने मांडवीकडे वळल्याखेरीज बडोदे सोडू नये. तेथील मध्यवर्ती ग्रंथालयात पुस्तकांच्या लोखंडी मांडण्यांमधील जमीन जाड काचेची आहे. वरचा उजेड खालच्या मजल्यावरील ग्रंथांपर्यंत झिरपावा म्हणून. (प्रथम गेलो तेव्हा तिच्यावर पाऊल टाकताना मी बिचकलोच.)

१९१० साली सयाजीरावांनी बॉर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालास पाचारण केले आणि राजवाड्यातील सुमारे २०,००० ग्रंथ प्रजेच्या स्वाधीन केले. गावोगाव पुस्तकांच्या पेट्या फिरू लागल्या. सक्तीचे प्राथमिक शिक्षण राज्यभर १९०६ मध्येच लागू झाले होते. शिकलेल्यांनी पुढे वाचावे काय, याचे हे उत्तर होते.

आणि हे करणारा राजा कोण? नाशिक जिल्ह्यातील कवळाण्याच्या शेतकरी घरातला गोपाळ. १८७५ मध्ये तो दत्तक होऊन बडोद्यास आला, तेव्हा बारा वर्षांच्या त्या मुलास अक्षरओळखही नव्हती.