चौकटीतली मराठी खाली का घसरते?

आजचा विषय ऐकायला किरकोळ वाटेल. कोरलड्रॉमध्ये एक चौकोन काढायचा, त्यावर नाव टाकायचं, दोन्ही सिलेक्ट करून सी आणि ई दाबायचं. नाव बरोब्बर मध्ये. इंग्रजी कॅपिटल अक्षरं असली तर विषय संपला. मराठी नाव मात्र बऱ्याचदा जरासं खाली घसरलेलं दिसतं. आकडे म्हणतात मध्ये आहे, डोळे म्हणतात नाही.

आपल्याच लाइनवरची स्टेशनं घ्या ना. 'नायगाव' लिहा. शिरोरेषेच्या वर काही नाही, खाली काही नाही, एकदम सपाट. 'वसई'त ई-चा तुरा वर निघाला. नालासोपाऱ्याला मात्रा, विरारला वेलांटी. आणि 'तुळींज' लिहिलंत तर वर वेलांटी, अनुस्वार आणि खाली उकारही. आता ही नावं एकाच मापाच्या पट्ट्यांत मधोमध आणा. सॉफ्टवेअर शब्दाचं सगळ्यात वरचं टोक आणि सगळ्यात खालचं टोक धरून मध्य काढतं. वेलांटीही मोजली जाते, म्हणून अख्खं 'विरार' खाली सरकतं आणि 'नायगाव' वरच राहतं. पट्ट्या शेजारी ठेवा, शिरोरेषा वरखाली नाचताना दिसतील. आपल्या डोळ्याला शब्दाचं वजन जाणवतं ते शिरोरेषेपासून अक्षराच्या पायापर्यंत. वेलांटी त्याच्या वरची पताका.

मग ही टोकं मोजायची, चौकट मानायची सवय आली कुठून? शिशाच्या खिळ्यांतून. छापखान्यात प्रत्येक अक्षर धातूच्या ठोकळ्यावर उभं असायचं, आणि 'बारा पॉइंट' हे माप त्या ठोकळ्याचं, अक्षराचं नव्हे. रोमन लिपीला त्यात फार अडचण नव्हती. देवनागरी पडली तीन मजली. मात्रा, रफार वर, अक्षर मध्ये, उकार खाली. तिन्ही मजले एकाच ठोकळ्यात कोंबायचे म्हणजे मधलं अक्षर बारीक होणारच. एकोणिसाव्या शतकात मुंबईत अमेरिकन मिशन प्रेसच्या टॉमस ग्रॅहम यांनी या कोड्यावर बरंच काम केलं. तिथेच कामाला लागलेले जावजी दादाजी पुढे स्वतंत्र झाले. १८६४ साली टाइप फाउंड्री, १८६९ साली निर्णयसागर छापखाना. राणूजी रावजी आरू अक्षरं कोरायचे. मात्रा-उकाराचे तुकडे वेगळे ओतून जुळवायची पद्धत मुंबईत रुजली ती याच काळात. माझ्या मते मराठी डिझाइन शिकणाऱ्याने ही नावं सॉफ्टवेअरच्या आधी शिकावीत.

पुढे १८८७ नव्हे, थेट १९८७. इलस्ट्रेटर आलं, १९८९ मध्ये कोरलड्रॉ. शिसं गेलं, ठोकळा मात्र फाँटच्या आत अदृश्य चौकट होऊन राहिला. मराठीसाठी पुण्याच्या सी-डॅकची साधनं, मॉड्युलरची श्री-लिपी. विंडोज २००० बरोबर र. कृ. जोशींचा 'मंगल' आला. कवी आणि सुलेखनकार असलेल्या या माणसाने मात्रांना श्वास घ्यायला जागा ठेवली. त्यामुळे मंगलच्या दोन ओळींत ऐसपैस अंतर पडतं आणि बटणाच्या चौकटीत नाव अवघडून बसतं. पण त्या जागेशिवाय वरचा रफार कापला गेला असता, हेही खरं.

गंमत म्हणजे बोर्ड रंगवणाऱ्या पेंटरला हा प्रश्न पडतच नव्हता. तो खडूने दोन रेघा मारायचा, एक शिरोरेषेची, एक पायाची. मध्य त्या दोन रेघांचा. मात्रा आणि उकार उरलेल्या जागेत.

आता हा प्रश्न हौसेपुरता राहिलेला नाही. २०२२ मध्ये महाराष्ट्राने कायदा बदलला. प्रत्येक दुकानाची पाटी मराठीत हवी, आणि मराठी अक्षर इतर लिपीपेक्षा लहान नको. सप्टेंबर २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने दोन महिन्यांची मुदत दिली आणि पाट्या बदलायची घाई झाली. इंग्रजीसाठी आखलेल्या चौकटीत त्याच पॉइंटची मराठी टाकली की ती कागदोपत्री सारखी, दिसायला बारकी, वर खाली सरकलेली. कायदा पाळला, पण मराठी आपल्याच दुकानात पाहुण्यासारखी कोपऱ्यात उभी.

तंत्रज्ञानाला हे अगदीच माहीत नाही असंही नाही. इंकस्केप ज्या एसव्हीजी फॉरमॅटवर चालतं, तो २००१ साली प्रमाण झाला. त्यात 'हँगिंग' नावाची एक बेसलाइन आहे, वरून लोंबणाऱ्या आपल्यासारख्या लिप्यांसाठी. म्हणजे शिरोरेषा धरून मोजायची सोय कागदावर आहे. पण आपण दाबतो ते नेहमीचं मध्य-बटण, आणि ते चौकटच मोजतं.

तोवर पेंटरची युक्ती वापरा. शिरोरेषेपासून पायापर्यंत एक आयत काढा, नावासोबत ग्रुप करू नका. तो आयत चौकटीत मधोमध आणा, मग नाव त्यावर बसवून आयत उडवा. गोलात 'जूचंद्र' बसवायचं असेल, तर खालच्या उकारासाठी आणि वरच्या अनुस्वारासाठी गोल थोडा मोठा घ्या, अक्षर लहान करू नका.