क्यूबच्या आधीचे रुबिक

रुबिक म्हटलं की आपल्याला सहा रंगांचा क्यूब आठवतो. तो १९७४ साली बनवला एर्नो रुबिक यांनी. आज मात्र बोलायचंय त्यांच्या वडिलांबद्दल. नाव तेच, एर्नो रुबिक. जन्म १९१०, आणि काम ग्लायडर डिझाइन करायचं.

आधी थोडी पार्श्वभूमी. पहिल्या महायुद्धात हरलेल्या हंगेरीवर १९२० च्या त्रियानोन तहाने हवाई दल ठेवायला बंदी घातली. ग्लायडरला इंजिन नाही, खर्चही कमी. तिथल्या तरुणांना उडण्यासाठी हा रस्ता मोकळा होता. १९३६ मध्ये, बर्लिन ऑलिम्पिकच्या दिवसांत, लायोश रोटर यांनी स्वतः डिझाइन केलेल्या 'नेमेरे'मधून बर्लिन ते कील असं तीनशे किलोमीटरहून लांब उड्डाण केलं. तेसुद्धा कुठे उतरणार हे आधी जाहीर करून!

'नेमेरे' एकच बनलं. विक्रमाला एक पुरतं. पण असे वैमानिक येणार कुठून? त्यासाठी शिकाऊ ग्लायडर हवीत, आणि इथे एस्टरगोम गावात काम करणारे रुबिक येतात.

त्यांचं 'व्योचोक' हे नवशिक्यांसाठीचं साधं लाकडी ग्लायडर. सीट एकच. त्या काळची पद्धत अशी, की रबरी दोर ताणून ग्लायडर उतारावरून सोडायचं, आत शिकणारा एकटा, आणि गुरुजी जमिनीवर. आधी नुसतं घसरायचं, मग छोटी उडी, मग जरा मोठी. हवेत हात चुकला तर सावरायला शेजारी कोणी नाही.

युद्धानंतर रुबिकांनी 'कोमा' केलं. हंगेरियनमध्ये कोमा म्हणजे दोस्त! यात दोन सीट, शेजारीशेजारी. शिक्षक आता विद्यार्थ्याच्या बाजूला बसून शिकवणार. ऐकायला सोपं वाटतं, पण इंजिनिअर म्हणून बघा: दुसरा माणूस म्हणजे वजन वाढलं, दोघं शेजारी म्हणजे पुढचा भाग रुंद आणि हवेचा विरोध जास्त. म्हणजे ग्लायडर लवकर खाली येणार. शिकवण्यासाठी ही किंमत मोजायची, असं ठरवावं लागतं.

पुढे १९६१ मध्ये त्यांचं 'गोबे' उडालं. तेही दोघांचं, पण सीट एकामागे एक, आणि लाकडाऐवजी मुख्यतः धातूचं. लाकूड आणि सरस ओल धरतात, सांधे सारखे तपासावे लागतात. रोज कितीतरी वेळा उडणाऱ्या आणि नवशिक्यांच्या हातून आदळणाऱ्या ग्लायडरला दणकटपणाच हवा. हंगेरीतल्या कित्येक वैमानिकांनी पहिले धडे गोबेतच गिरवले.

माझ्या मते रोटर यांच्या विक्रमाइतकंच हे काम मोठं आहे. विक्रमाला तारीख असते, म्हणून तो लक्षात राहतो. पण मागच्या सीटवरून गुरुजींनी वेळेवर दांडी धरली आणि पोरगं धडपणे खाली उतरलं, त्याची नोंद कोण ठेवणार? भेटू पुढच्या भागात.