शिंकेची गोळी आणि झोप

मधली सुट्टी संपून पाचवा तास सुरू झाला आहे. घरातल्या मांजरामुळे म्हणा किंवा शाळेमागे जळणाऱ्या पालापाचोळ्याच्या धुरामुळे म्हणा, सकाळपासून शिंकांनी हैराण झालेल्या सरांनी सुट्टीत एक गोळी घेतली होती. नाक आता कोरडे आहे, पण फळ्यावरचे समीकरण दुसऱ्या ओळीतच तरंगू लागले आहे. सर्दीच्या गोळीने झोप यायचीच, हे आपण इतके गृहीत धरले आहे की नाकासाठी घेतलेल्या रसायनाने डोळ्यांवर झापड का आणावी, हा प्रश्न आपल्याला पडत नाही. खुद्द संशोधकांनाही या प्रश्नाचे नीट उत्तर मिळायला जवळजवळ पन्नास वर्षे लागली.

आधी मांजराविषयी. 'मांजराच्या केसांची अॅलर्जी' असे आपण म्हणतो, पण त्यात केसांचा दोष थोडाच असतो. खरा अपराधी आहे मांजराच्या लाळेत आणि त्वचेच्या तैलग्रंथींत तयार होणारे 'फेल डी-१' हे प्रथिन. मांजर अंग चाटते, लाळ वाळते आणि या प्रथिनाचे अतिसूक्ष्म कण हवेत तासन्‌तास तरंगत राहतात, कपड्यांना चिकटतात. स्वीडनमध्ये २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत असे आढळले की, ज्या वर्गांत मांजर पाळणाऱ्या घरांतली मुले अधिक होती, त्या वर्गांत मांजराचे वावडे असलेल्या दमेकरी मुलांचा त्रास सुट्टीनंतर शाळा उघडताच वाढला. या मुलांच्या स्वतःच्या घरी मांजर नव्हते! आम्हा प्रयोगशाळेत उंदीर, गिनीपिग हाताळणाऱ्यांनाही हा अनुभव नवा नाही. कित्येकांना काही वर्षांनी त्याच प्राण्यांचे वावडे जडते, आणि काम तर सोडता येत नाही.

'अॅलर्जी' हा शब्द व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी १९०६ साली घडवला. शरीरात नेमके काय घडते हे कळायला मात्र वेळ लागला. १९६६-६७ च्या सुमारास अमेरिकेत इशिझाका पती-पत्नी आणि स्वीडनमध्ये योहान्सन व बेनिक यांनी स्वतंत्रपणे 'आयजीई' हा प्रतिपिंड ओळखला. वावडे असलेल्या व्यक्तीच्या नाकातील मास्ट पेशींवर हे प्रतिपिंड सापळ्यासारखे बसलेले असतात. मांजराचे प्रथिन त्यांत अडकले की पेशी फुटल्यासारखी आपल्यातील रसायने बाहेर ओतते. त्यांत प्रमुख असते हिस्टामिन. त्यामुळे रक्तवाहिन्या सैल होतात, नाक वाहते, डोळे खाजतात.

हे हिस्टामिन आधी रसायनशास्त्रज्ञांच्या चंचुपात्रात अवतरले आणि मग शरीरात सापडले. १९०७ मध्ये ते कृत्रिम रीतीने तयार करण्यात आले. इंग्लंडमध्ये हेन्री डेल आणि लेडलॉ यांनी १९१० पासून त्याचे प्राण्यांवरील परिणाम तपासले. पण ते आपल्या ऊतींमध्ये मुळातच असते, याची खात्री १९२७ मध्ये ताज्या यकृतातून आणि फुप्फुसातून ते वेगळे केल्यावरच पटली.

पॅरिसच्या पाश्चर संस्थेत डॅनिएल बोव्हे यांनी सरळ तर्क केला. अॅड्रेनलिन आणि अॅसिटिलकोलिन यांच्या क्रियेला अटकाव करणारे पदार्थ आहेत, मग हिस्टामिनला अटकाव करणारा का नसावा? १९३७ मध्ये त्यांना आणि अॅन-मारी स्टॉब यांना '९२९ एफ' हा पदार्थ मिळाला. एरवी हिस्टामिनच्या ज्या मात्रेने गिनीपिगचा श्वास कोंडून मृत्यू होई, ती मात्रा देऊनही हा पदार्थ मिळालेला गिनीपिग जगला. (उंदरावर हा प्रयोग केला असता तर बहुधा काहीच दिसले नसते, कारण उंदीर हिस्टामिनला सहसा दाद देत नाही. प्रयोगासाठी प्राणी निवडताना नशिबाचाही भाग असतो तो असा.) माणसासाठी हा पदार्थ फार विषारी होता, पण दिशा मिळाली. १९४२ मध्ये हाल्पर्न यांनी फ्रान्समध्येच माणसाला देता येईल असे पहिले प्रतिहिस्टामिन औषध आणले. तिकडे अमेरिकेत सिनसिनाटी येथे जॉर्ज रीव्हेशल यांनी स्नायू सैल करणाऱ्या औषधांच्या शोधात असताना डायफेनहायड्रामिन बनवले आणि ते १९४६ मध्ये डॉक्टरांच्या हाती आले. आपल्याकडील सर्दीच्या अनेक मिश्र गोळ्यांत आजही असणारे क्लोरफेनिरामिन त्यानंतर थोड्याच वर्षांत आले.

ही सारी औषधे गुणकारी होती आणि सारीच झोप आणत. यावर वैद्यकाने काय केले? झोपेचाच उपयोग करून घेतला. डायफेनहायड्रामिन पुढे झोपेची गोळी म्हणून विकले जाऊ लागले. फ्रान्सच्या नौदलातील शल्यचिकित्सक आँरी लाबोरी यांना प्रोमेथाझिन दिलेले रुग्ण विलक्षण शांत राहतात असे दिसले. त्याच कुळातील रेणूंचा शोध घेताना १९५० मध्ये क्लोरप्रोमाझिन तयार झाले, आणि १९५२ पासून गंभीर मनोविकारांचा उपचारच पालटला. एका औषधाचा दुष्परिणाम दुसऱ्या रोगाचे औषध ठरला. हे फार मोठे यश होते, यात शंका नाही. पण ज्याला गोळी घेऊन कामावर जायचे होते, त्याच्या पदरात काहीच पडले नाही.

झोप का येते याचे उत्तर मेंदूत होते. १९८४ मध्ये दोन संशोधक गटांनी स्वतंत्रपणे दाखवले की, मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमसमध्ये हिस्टामिन तयार करणाऱ्या चेतापेशींचा एक लहानसा पुंजका आहे आणि त्याचे धागे जवळजवळ साऱ्या मेंदूभर पसरलेले आहेत. तिथे हिस्टामिनचे काम शिंका आणण्याचे नाही, आपल्याला जागे ठेवण्याचे आहे. नाकात आणि मेंदूत कुलूप एकच, 'एच-१ ग्राही'. जुन्या गोळ्यांचे रेणू लहान आणि मेदात विरघळणारे. त्यामुळे रक्त आणि मेंदू यांच्यामधील पेशींची भिंत ते सहज ओलांडतात आणि दोन्हीकडची कुलुपे अडवून बसतात. म्हणजे झोप हे काही औषधाच्या अंगच्या उष्णतेचे लक्षण नव्हे. औषध आपले नेमके तेच काम भलत्या जागी करत असते.

गंमत म्हणजे, मेंदूत न शिरणारे औषध या ज्ञानातून मिळाले नाही. ते आधीच, चुकून मिळाले होते. १९७३ मध्ये सिनसिनाटीतच एका कंपनीत अल्बर्ट कार यांनी मन शांत करणारे औषध म्हणून टर्फेनाडिन बनवले. त्याने मन शांत होईना, कारण ते मेंदूत पोचतच नव्हते. मात्र त्याची रचना प्रतिहिस्टामिनासारखी दिसते म्हणून ते त्या अंगाने तपासले गेले आणि गुणकारी ठरले. फसलेले शामक हे झोप न आणणारे पहिले मोठे अॅलर्जीचे औषध बनले! १९८५ मध्ये अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली आणि लाखो लोक जागेपणी कामे करू लागले.

मग १९९० मध्ये एका ३९ वर्षांच्या स्त्रीची हकिगत वैद्यकीय नियतकालिकात आली. टर्फेनाडिनबरोबर तिने बुरशीवरचे किटोकोनाझोल घेतले होते आणि तिच्या हृदयाचे ठोके धोकादायकरीत्या बिघडले होते. एरवी यकृत टर्फेनाडिनचे जवळजवळ पूर्ण रूपांतर करून टाकते. किटोकोनाझोल किंवा एरिथ्रोमायसिन ते रूपांतर रोखतात, मूळ औषध रक्तात साठते आणि हृदयाची विद्युत्‌लय बिघडवते. काही मृत्यूही झाले. १९९८ मध्ये ते अमेरिकेच्या बाजारातून गेले. त्याआधी १९९६ मध्ये फेक्सोफेनाडिन आले होते. ते दुसरे काही नसून यकृत टर्फेनाडिनपासून जे बनवते तेच. अॅलर्जीवर गुण देणारा पदार्थ खरे तर पहिल्यापासून हाच होता. हृदयाला ते असे बाधत नाही, आणि मेंदूच्या दारातील 'पी-ग्लायकोप्रोटीन' हा पंप ते आल्यापावली बाहेर फेकतो. (फळांच्या रसाबरोबर ते नीट शोषले जात नाही, पाण्याबरोबरच घ्यावे.)

आपल्या ओळखीचे सेटिरिझिन हेही असेच जुन्या हायड्रॉक्सिझिनचे शरीरात होणारे रूप. पण ते पूर्ण निर्दोष नाही. अमेरिकेतील चाचण्यांत १० मिलिग्रॅम घेणाऱ्या सुमारे १४ टक्के लोकांना झोपाळूपणा जाणवला, औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण ६ टक्के होते.

'मला काही झोप येत नाही, मी जुनीच गोळी घेतो' असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांच्यासाठी अमेरिकेतील आयोवा विद्यापीठातला, २००० साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग सांगण्याजोगा आहे. अॅलर्जी असलेल्या ४० जणांना वेगवेगळ्या दिवशी डायफेनहायड्रामिन, फेक्सोफेनाडिन, मद्य आणि नुसती गोळी देऊन मोटार चालवण्याच्या आभासी यंत्रावर बसवले. पुढच्या गाडीचा वेग ओळखून आपला वेग राखण्यात सर्वांत वाईट कामगिरी झाली ती डायफेनहायड्रामिन घेतल्यावर, मद्य घेतल्यावर नव्हे. आणि आपल्याला किती झोप येते आहे याविषयी या लोकांनी जे सांगितले, त्यावरून कोण चुकेल याचा अंदाज नीट बांधता येईना.

राहता राहिला धूर. चुलीचा, उदबत्तीचा, विडीचा वा कचऱ्याचा धूर नाकाला झोंबतो तो सहसा वावडे म्हणून नव्हे. त्यातील अॅक्रोलिन, फॉर्माल्डिहाइड यांसारखी द्रव्ये आणि सूक्ष्म कण नाकाच्या अस्तराला थेट चिडवतात. तिथे आयजीईचा सापळा नसतो, म्हणून प्रतिहिस्टामिन गोळी, जुनी असो की नवी, फारशी उपयोगी पडत नाही. तरी धूर आणि अॅलर्जी यांचे नाते आहेच. १९९७ मध्ये लॉस एंजेलिस येथील संशोधकांनी रॅगवीड या तणाची अॅलर्जी असलेल्या लोकांच्या नाकात त्या तणाचे प्रथिन आणि डिझेलच्या धुरातील कण एकत्र सोडले, तेव्हा नुसत्या प्रथिनाच्या मानाने त्या प्रथिनाविरुद्धचे आयजीई कितीतरी अधिक तयार झाले. मांजर आणि धूर दोन्ही वाट्याला आलेल्यांनी धुराची जागा आधी बदलावी, ती गोळी बदलण्यापेक्षा लवकर साधते. नाकात मारायचे स्टेरॉइडचे फवारे १९७३ पासून वापरात आहेत आणि ते नाकातच काम करत असल्याने गुंगी आणत नाहीत. ते सुरू करायचे की नाही, हे अर्थात डॉक्टरांना विचारून ठरवावे.

आणि घरातल्या औषधांच्या डब्यातील सर्दीच्या गोळीची पट्टी एकदा उलटी करून पाहावी. ठळक अक्षरांतील नावाखाली बारीक अक्षरांत क्लोरफेनिरामिन लिहिलेले असले, तर ती गोळी रात्रीची.