नागपुरात आधुनिक वास्तुकला पाहायची असेल तर कुठे जावे?

नागपूर म्हटले की संत्री, झिरो माईल आणि हिवाळी अधिवेशन आठवते. पण गेल्या 80-90 वर्षांत शहर कसे बदलत गेले, हे इथल्या काही वास्तूंमधूनही समजते. त्यातल्या चार ठिकाणांची ही ओळख.

दीक्षाभूमीचा स्तूप

14 ऑक्टोबर 1956 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह याच जागी बौद्ध धम्म स्वीकारला. वास्तुविशारद शिवदान मल यांनी आराखडा केलेल्या स्तूपाचे बांधकाम 1978 मध्ये सुरू झाले. 18 डिसेंबर 2001 रोजी तत्कालीन राष्ट्रपती के. आर. नारायणन यांच्या हस्ते त्याचे लोकार्पण झाले.

बाह्य आकार सांचीच्या स्तूपावरून घेतलेला आहे. फरक आहे तो आत. सांचीचा स्तूप भरीव आहे, त्याला बाहेरून प्रदक्षिणा घालायची. दीक्षाभूमीचा स्तूप पोकळ आहे, त्यात माणसांना प्रवेश करता येतो. उंची आणि व्यास दोन्ही सुमारे 120 फूट. बांधकामात धोलपूरचा दगड, ग्रॅनाइट आणि संगमरवर वापरला आहे. जुना आकार आणि नवी रचना यांचा हा मेळ म्हणजेच या वास्तूचे आधुनिकपण.

ड्रॅगन पॅलेस, कामठी

शहराजवळच्या कामठीतले हे बुद्धविहार 1999 मध्ये खुले झाले. सुलेखा कुंभारे यांच्या पुढाकाराने आणि जपानच्या नोरिको ओगावा यांच्या मदतीने ते उभे राहिले. आतली चंदनाची बुद्धमूर्ती हे मुख्य आकर्षण. नागपूर आणि जपान यांचे नाते जुने आहे. मूळचे जपानी भिक्खू भदन्त सुरई ससाई यांनी अनेक दशके नागपूर हीच आपली कर्मभूमी मानली आहे.

उच्च न्यायालयाची इमारत

सिव्हिल लाइन्समधली ही इमारत 1940 मध्ये पूर्ण झाली. तिचे वास्तुविशारद हेन्री मेड यांनी नवी दिल्लीच्या उभारणीतही काम केले होते. वालुकाश्म, मधला घुमट आणि मोकळे आवार यांमुळे ती लगेच नजरेत भरते. ती काटेकोर अर्थाने आधुनिक नाही. पण ब्रिटिश काळाच्या अखेरची सरकारी वास्तुकला कशी होती, हे तिथे पाहायला मिळते, म्हणून तुलनेसाठी ती आधी पाहावी.

वर्धा रोडचा डबल डेकर पूल

पूल म्हणजे वास्तुकला का, असा प्रश्न पडेल. इथे एकाच खांबांवर मधल्या मजल्यावर उड्डाणपूल आणि त्याच्या वर मेट्रो आहे, खाली जुना रस्ता चालूच आहे. 3,140 मीटर लांबीच्या या रचनेची 2022 मध्ये गिनीज बुकात नोंद झाली. उड्डाणपूल आणि मेट्रो वेगवेगळ्या खांबांवर नेले असते, तर आणखी जागा लागली असती. छत्रपती नगर, जयप्रकाश नगर आणि उज्ज्वल नगर ही तीन स्थानके याच रचनेवर आहेत. मेट्रोने गेलात तर वरून, रस्त्याने गेलात तर खालून, असे दोन्ही प्रकारे ती पाहावी.

वास्तू कोणाची?

1 जुलै 2024 रोजी दीक्षाभूमी परिसरातल्या भूमिगत पार्किंगच्या कामाविरोधात मोठे आंदोलन झाले. खोदकामामुळे स्तूपाला धोका होईल, अशी आंदोलकांची भीती होती. त्यानंतर सरकारने कामाला स्थगिती दिली. सोय आणि श्रद्धा यांचा वाद वास्तूच्या पायापर्यंत कसा पोहोचतो, हे यातून दिसले. आराखडा वास्तुविशारद करतो, पण त्या वास्तूचे काय होऊ द्यायचे आणि काय नाही, हे तिला आपली मानणारे लोकही ठरवतात.

केव्हा जावे?

धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर लाखोंची गर्दी असते. तो सोहळा अनुभवायचा असेल तर तेव्हाच जावे. रचना निवांतपणे पाहायची असेल तर इतर दिवशी, आणि नागपूरचा उन्हाळा टाळून हिवाळ्यात गेलेले बरे. उच्च न्यायालय चालू कामकाजाची जागा असल्याने ती इमारत बाहेरूनच पाहावी.